मुलांचा खेळ आणि ज्ञातीचे कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षमहाशयांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत. आम्ही वक्ते नव्हे. आमची उमेदीची वर्षे संस्थेच्या जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात आणि वसतिगृहाची देखरेख करण्यात गेली. तेव्हा भाषणात अलंकार कमी आणि हिशेब जास्त आला, तर आपण सांभाळून घ्यावे, ही विनंती.

थोड्या वेळापूर्वी याच व्यासपीठावरून आपण ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. मुलामुलींची नावे पुकारली गेली, टाळ्या झाल्या, आईवडिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले. तो सोहळा पाहून आम्हांसही धन्यता वाटली. परंतु त्या टाळ्या चालू असताना आमचे लक्ष वारंवार मैदानाच्या भिंतीकडे जात होते. भिंतीवर सातआठ मुले ओळीने बसली होती. टाळ्या आपण वाजवल्या की तीही वाजवत होती. त्यांचे नाव पुकारले जाण्याचा संभव नव्हता आणि त्यांना त्याचे वाईटही वाटत नव्हते. ती वाट पाहत होती ती एवढ्याचीच, की ही मंडळी केव्हा उठतात, मांडव केव्हा सुटतो आणि मैदान केव्हा मोकळे होते.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या मुलांविषयी. कारणही सांगून टाकतो. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे असा ठराव येणार आहे की, मैदानाला फरशी घालून ती जागा कार्यालयाच्या वाहनतळासाठी आणि लग्नसमारंभांसाठी भाड्याने द्यावी आणि त्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवावी. ठराव मांडणारे सभासद संस्थेचे हितचिंतक आहेत, त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. इतकेच काय, पहिल्या मसुद्यावर अनुमोदक म्हणून सही आमचीच होती. ती सही आम्ही का मागे घेतली, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पुणे हे विद्येचे माहेरघर, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते तालमींचेही शहर होते, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत. लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम याच पुण्यातली. लहुजी मातंग समाजातले. आणि त्यांच्यापाशी दांडपट्टा व नेमबाजी शिकणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८४८ साली जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठीही शाळा चालवल्या, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्या काळी एका विहिरीचे पाणी दोघांना चालत नव्हते, त्या काळी तालमीतील माती दोघांच्या अंगाला लागत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९०६ साली डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. ज्या खोखोवर आपल्या सर्वांचे बालपण पोसले गेले, त्या खेळाला नियमांची चौकट देण्याचे काम त्याच जिमखान्याने १९१४ साली हाती घेतले. १९१९ साली जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यास अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आले होते. तेथे धावणाऱ्यांत शेतात राबणारे, साधी भाजीभाकरी खाणारे, अनवाणी पायांनी धावणारे शेतकरी तरुण होते. त्यांचा वेग पाहून दोराबजी थक्क झाले आणि त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवण्याची कल्पना निघाली. १९२४ साली शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि व्यायामाला शिक्षणाच्या जोडीने मानाचे स्थान मिळवून दिले. हा सारा वारसा आपला आहे. परंतु वारसा सांगताना त्यातील डागही सांगितला पाहिजे, म्हणून पळवणकर बाळू यांची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत, जात चांभार. बालपणीच कुटुंब पुण्यास आले आणि लहान वयातच बाळू क्रिकेटच्या मैदानावर कामाला लागले. काम कोणते? खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी बांधणे. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर राहिले. तेथे साहेबलोकांच्या सरावासाठी त्यांना चेंडू टाकावयास मिळे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी, आणि आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देई, असे सांगतात. साहेबांनी बाळूंच्या हाती चेंडू दिला, परंतु बॅट दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान, गोलंदाजी ही नोकराची मेहनत!

या मेहनतीतून डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला आणि त्याची कीर्ती गावात पसरली. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांचा पराभव करावयाचा होता; बाळूंवाचून ते होणे नव्हते. तेव्हा वादविवाद होऊन बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी त्यांच्या हातचा चेंडू झेलला. परंतु चहापानाच्या वेळी इतर खेळाडू मंडपात चिनीमातीच्या कपांतून चहा घेत असताना बाळूंना तो मंडपाबाहेर, टाकाऊ मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाची पंगतही निराळी. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला मात्र होता!

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांचे सत्कार झाले. परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही लाभले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. १९५५ साली बाळू निवर्तले.

ज्ञातिबांधवहो, ही हकिगत ऐकून आपण त्या काळच्या मंडळींना नावे ठेवू. ते सोपे आहे. आम्हीही ठेवत होतो. परंतु एके दिवशी आमच्या मनात प्रश्न आला: आज भिंतीवर बसलेल्या मुलांत एखादा बाळू असेल, तर त्याला निदान रोलर ओढण्यापुरते तरी आपण आत घेतले आहे काय? त्या काळच्यांनी बाळूंना मंडपाबाहेर ठेवले. आपण तर फाटकाबाहेरच ठेवले होते.

आता आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मैदानाच्या फाटकावर एक पाटी होती: ‘बाहेरील मुलांस सक्त मनाई.’ ती रंगवून घेणारे आम्हीच. वसतिगृहातील मुले परीक्षांच्या अभ्यासात आणि आता मोबाइलमध्ये गुंतलेली. मैदान संध्याकाळी ओस पडलेले असे. वस्तीतील मुले भिंतीवरून उड्या मारून येत, रखवालदार काठी घेऊन धावे, मुले पळत. एकदा पळताना एक मुलगा भिंतीवरून पडला आणि त्याचा हात मोडला. त्याची आई दुसऱ्या दिवशी कार्यालयात आली. आम्हांस वाटले, भांडावयास आली. तिने एवढेच विचारले, “साहेब, पोरगं चोरी करत होतं का? करत असंल तर सांगा, मी त्याला बघून घेते.” आम्ही म्हणालो, “नाही बाई, खेळत होता.” ती म्हणाली, “मग मारायला का धावले?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कार्यकारी मंडळाच्या संमतीने आम्ही पाटी उतरवली आणि सायंकाळी दोन तास फाटक उघडे ठेवू लागलो. पहिल्या दिवशी अकरा मुले आली, तीही दबकत. तिसऱ्या दिवशी मोजता येईनात. आरंभीच्या महिन्यात आम्ही ज्या ज्या चुका केल्या, त्या सांगितल्याखेरीज पुढचे सांगणे योग्य होणार नाही.

पहिली चूक अशी, की आम्ही मुलांना खेळाऐवजी उपदेश देऊ लागलो. रांगेत उभे करून स्वच्छतेवर व्याख्यान! चार दिवसांत निम्मी मुले यावयाची थांबली. दुसरी चूक, आपल्या घरांतील जुने कपडे गोळा करून सर्वांदेखत वाटले. मोठी मुले ते न घेता निघून गेली आणि आठवडाभर फिरकली नाहीत. खेळावयास आलेल्याला याचक केले, की त्याचा खेळ संपतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तिसरी चूक सर्वांत मोठी. दोन महिने उलटले तरी मैदानावर मुली जवळजवळ नव्हत्या, आणि ते आमच्या ध्यानातही आले नाही! ध्यानात आणून दिले ते आपल्याच ज्ञातीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. त्या वस्तीत घरोघरी गेल्या आणि कारण शोधून आल्या. संध्याकाळी नळाला पाणी येते. ते भरणे मुलीच्या वाट्याला. आई धुण्याभांड्यांच्या कामावरून परतेपर्यंत धाकटे भावंड मुलीच्या कडेवर. शिवाय मैदानात एकही स्त्री नाही, मग मुलीला पाठवावी कोणाच्या भरवशावर?

तेव्हा बाईंच्या सांगण्यावरून तीन गोष्टी झाल्या. मुलींची वेळ पाणी भरून झाल्यानंतरची ठेवली. कडेवरच्या भावंडांसाठी एका कोपऱ्यात चटई, खुळखुळे आणि लाकडी ठोकळे ठेवले. आणि स्वतः बाई रोज खुर्ची टाकून मैदानात बसू लागल्या. महिनाभरात मुलींचा खोखोचा संघ उभा राहिला. आज त्यातील दोन थोरल्या मुली लहानांना खेळ शिकवतात. मुले त्यांना ताई म्हणतात आणि आम्हांला आजोबा. साहेब ही पदवी आमची गेली, याचा आम्हांस फार आनंद आहे.

असे कार्य करणारे आपण पहिले नव्हे, हेही नम्रपणे सांगितले पाहिजे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखेच्या मैदानावर सर्व जातिधर्मांची मुले खेळ, कवायत, गाणी आणि गोष्टी यांच्या द्वारे एकत्र आणली. साने गुरुजी हा त्या दलाचा प्राण. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली त्यांनी उपोषण केले. देवाचे दार उघडण्यासाठी जर प्राण पणाला लावावे लागले, तर मुलांच्या मैदानाचे दार उघडणे त्या मानाने किती सोपे!

आपल्याच पुण्यात कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतील मुलांसाठी पालकनीती परिवाराने १९९६ पासून ‘खेळघर’ चालवले. पालकत्वाविषयी मासिक काढणाऱ्या मंडळींनी, आपल्या घरच्या मुलांविषयी जो विचार केला तोच वस्तीतल्या मुलांविषयीही केला पाहिजे, या जाणिवेने ते सुरू केले. खेळ, कला, गप्पा आणि त्यांच्या जोडीने शिक्षण, अशी ती रीत. शिकण्याची भीती मोडावयाची तर आरंभ खेळापासून करावा लागतो, हे तत्त्व आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी कितीतरी आधी सांगितले होते. नागपूरची गोष्टही अशीच बोलकी आहे. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतील मुलांना फुटक्या बादलीला लाथा मारीत चिखलात खेळताना पाहिले. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली आणि तिच्यातील मुले बेघरांच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली. यांपैकी कोणीही प्रथम इमारत बांधली नाही. प्रथम मुलांकडे पाहिले.

खेळ ही चैन आहे, असे मानण्याची आपली जुनी सवय आहे. जगाने आता तसे मानणे सोडले आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मुलांच्या हक्कांचा जो करार केला, त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नमूद केला आहे, आणि भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असणे आवश्यक ठरवले आहे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलाला दररोज सरासरी साठ मिनिटे घाम गाळणारा व्यायाम मिळाला पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता आपल्या शहराकडे पाहा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले; हजारो कुटुंबे उघड्यावर आली आणि गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती वसवाव्या लागल्या. पुढे कारखाने आले, बांधकामे आली आणि कामाच्या शोधात आलेल्यांनी टेकड्यांच्या उतारावर, ओढ्यांच्या कडेने घरे केली. जिथे दहा फुटांच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे मुलाने साठ मिनिटे धावावे कोठे? आपल्या मुलांना आपण शुल्क भरून पोहणे, टेनिस आणि क्रिकेटच्या वर्गांना पाठवतो. त्या मुलांना उरतो तो रस्ता, आणि रस्त्यावर आता मोटारी.

उलट पक्षी, आपल्या देशी खेळांना साहित्य ते किती लागते? खोखोला दोन खांब आणि फक्कीच्या रेघा. आट्यापाट्यांना नुसत्या रेघा. लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू. लंगडीला तर काहीच नको. परंतु या सर्वांना एक वस्तू अवश्य लागते, ती म्हणजे मोकळी माती. फरशीवर सूर मारता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळवले, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. त्या रात्री आपल्या वसतिगृहात आणि वस्तीत एकाच वेळी आरोळ्या उठल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच आवाज आम्ही त्या रात्री प्रथम ऐकला.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप: ‘ज्ञातीतील गरीब मुलांचे आधी पाहावे, मग इतरांचे.’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आपल्या वाडवडिलांनी पैपैसा जमवून ही संस्था उभी केली, ती गावाकडून शिकावयास येणाऱ्या ज्ञातीतील मुलांना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून. शिष्यवृत्ती ही आपली पहिली जबाबदारी आहे आणि राहील. परंतु मैदान ही अशी वस्तू आहे की ती वाटल्याने कमी होत नाही. शंभर रुपये दुसऱ्याला दिले तर आपल्या मुलाचे शंभर रुपये कमी होतात. खोखोच्या पाटीवर शेजारी दुसरे मूल बसले, तर आपल्या मुलाला संघ मिळतो. वसतिगृहातील आपली मुलेही आता सायंकाळी खाली उतरू लागली आहेत, हा त्याचाच लाभ.

दुसरा आक्षेप: ‘शिस्त बिघडेल, चोऱ्या होतील.’ हिशेब आमच्याकडे असल्याने सांगतो. फाटक उघडल्यापासून वसतिगृहाच्या दोन खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि एक चेंडू हरवला. काचा फोडणारे वसतिगृहातीलच विद्यार्थी होते. चेंडू पावसाळा संपल्यावर गटारात सापडला.

तिसरा आक्षेप: ‘खेळून पोट भरते काय?’ याला उत्तर म्हणून खाशाबा जाधवांचे स्मरण करतो. कराड तालुक्यातील गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे होते, हाती पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक. त्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवताना भाड्याचा हिशेब मांडला नव्हता. अर्थात आपल्या मैदानातून ऑलिंपिकवीर निघेल, असा आमचा दावा नाही. बहुतेक मुले खेळाडू होणारही नाहीत. ती गवंडी होतील, परिचारिका होतील, शिक्षक होतील. परंतु हरल्यावर हात मिळवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, पंचाचा निर्णय मानणे आणि आपल्यापेक्षा लहानाला सांभाळून घेणे, हे ज्याला दहाव्या वर्षी कळले, तो पुढे कोणत्याही धंद्यात गेला तरी माणूस म्हणून उणा पडत नाही. हे शिक्षण पुस्तकात लिहिलेले असते, पण मैदानात मिळते.

चौथा प्रश्न उत्पन्नाचा. तो खरा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. म्हणून आमच्या सूचना स्पष्ट शब्दांत मांडतो.

पहिली सूचना, मैदानाला फरशी घालू नये. लग्नसराईत ते कार्यासाठी अवश्य द्यावे, परंतु मांडव मातीवर घालावा आणि सायंकाळी पाच ते सात हे दोन तास, मुहूर्ताचे मोजके दिवस सोडून, मुलांसाठी राखून ठेवावेत. उत्पन्न थोडे कमी येईल, बंद पडणार नाही.

दुसरी सूचना, जेवढी तूट येईल ती आपण कुटुंबांनी भरून काढावी. घरात मुलाचा वाढदिवस होतो, त्या खर्चाचा दहावा हिस्सा ‘क्रीडानिधी’ म्हणून संस्थेकडे द्यावा. मूल वर्षाचे होवो वा पंधरा वर्षांचे, त्याच्या नावाने पावती फाडावी. आपल्या मुलाच्या आनंदात दुसऱ्या मुलाचा वाटा आहे, हे त्याला त्या पावतीवरून कळेल.

तिसरी सूचना, मुलांच्या सुरक्षिततेविषयी. मैदानावर कोणत्याही वेळी किमान दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात, त्यांत एक स्त्री. प्रत्येक मुलाचे नाव, पालकांचा पत्ता आणि आजार असल्यास त्याची नोंद वहीत असावी. प्रथमोपचाराची पेटी भरलेली असावी. मुलांवर हात उगारणाऱ्यास, तो संस्थेचा कितीही मोठा पदाधिकारी असो, मैदानावर स्थान नसावे. २०१२ साली बालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. त्याची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला करून द्यावी.

चौथी सूचना खाऊची. खेळ संपल्यावर मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा एक केळे. तो सर्वांना सारखा, आपल्या मुलांनाही तोच, एकाच रांगेत आणि एकाच भांड्यातून. बाळूंच्या त्या मातीच्या भांड्याचे ऋण आपण अशा रीतीने फेडू या.

पाचवी आणि शेवटची सूचना. या कार्याची छायाचित्रे घेऊन फलक लावू नयेत. स्मरणिकेत हिशेब छापावा, मुलांची दीनवाणी मुद्रा छापू नये.

बंधुभगिनींनो, ज्ञातिसंस्था कशासाठी असते? ज्या काळी सरकार परके होते, शाळा थोड्या होत्या आणि शहरात आपले म्हणावे असे कोणी नव्हते, त्या काळी ज्ञातीने ज्ञातीला हात दिला. त्या हातामुळे आपण आज येथे खुर्च्यांवर बसलो आहोत. आपल्या आजोबांना पुण्यात प्रथम आल्यावर कोणाच्या तरी ओटीवर पथारी टाकावी लागली होती, असे आपल्यापैकी अनेकांच्या घरी सांगितले जाते. भिंतीपलीकडची कुटुंबे आज त्याच पायरीवर उभी आहेत. कोणी मराठवाड्यातून, कोणी कर्नाटकातून, कोणी बिहारमधून आलेली. त्यांच्यामागे ज्ञातिसंस्था नाही. आपली संस्था आपल्यापुरती मोठी झाली, तर तिला आपण यश म्हणू. शेजाऱ्याच्या मुलाला तिचा आधार वाटला, तर तिला लोक संस्था म्हणतील.

उद्या ठराव मताला येईल. कोणीही भिडेखातर आमच्या बाजूने हात वर करू नये. परंतु मत देण्यापूर्वी सर्वांना एकच विनंती आहे. उद्या सभा सायंकाळी साडेसहाला आहे. आपण अर्धा तास आधी यावे, फाटकापाशी थांबावे आणि मुलांचा खेळ पाहावा. खोखोचा एक डाव संपावयास फार वेळ लागत नाही. तो डाव पाहून मग सभागृहात यावे आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीला जे पटेल ते करावे.

मघापासून भिंतीवरची मुलेही शांत बसली आहेत. तेव्हा आमचे भाषण येथेच आटोपते घेतो. मांडव सोडणाऱ्या मंडळींनी खुर्च्या लवकर उचलाव्यात, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्यांना अर्धा तास तरी मिळेल.